बार्शी लाईट रेल्वे : अडीच फुटांच्या रुळांची गोष्ट



मागे वर्गात 'वाहतुकीची साधने' हा घटक शिकवत होते. रेल्वेचा विषय निघाला तेव्हा एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "मॅडम, आमच्या मामाच्या गावाच्या स्टेशनवर 'बार्शी टाऊन' असं लिहिलंय. नुसतं बार्शी का नाही लिहीत? टाऊन कशाला?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर एका वाक्यात मावेना. कारण त्या 'टाऊन' शब्दामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. मग ठरवलं की यावर एक पाठच लिहू. पाचवी ते आठवीच्या मुलांना इतिहास, भूगोल, विज्ञान आणि गणित, चारही विषयांना उपयोगी पडेल असा.

ती जुनी गाडी मी स्वतः पाहिलेली आहे. लहानपणी आजीबरोबर बार्शीहून पंढरपूरला जायचो. डबे बुटके, बाकडी लाकडी, आणि वेग असा की आजी म्हणायची, "ही गाडी सुद्धा विठोबाचं नाव घेत घेत चालते." रूळ तर इतके जवळ की एका रुळावर मी आणि दुसऱ्यावर माझा भाऊ उभा राहिला की हात सहज हातात यायचा. आज तिथे मोठे रूळ आहेत. ती छोटी गाडी मात्र कुठेच नाही. चला तर मग, तिची गोष्ट समजून घेऊया.

१) आधी समजून घेऊ : गेज म्हणजे काय?

दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. आपल्या देशात मुख्यतः चार गेज वापरली गेली.

- ब्रॉडगेज : १६७६ मि.मी. (साडेपाच फूट)
- मीटरगेज : १००० मि.मी. (एक मीटर)
- नॅरोगेज : ७६२ मि.मी. (अडीच फूट)
- आणखी अरुंद नॅरोगेज : ६१० मि.मी. (दोन फूट), उदा. नेरळ-माथेरानची गाडी

रूळ जितके जवळ, तितकी जमीन कमी लागते, खडी कमी लागते, पूल अरुंद चालतात, डोंगरात तीव्र वळणं घेता येतात. म्हणजे खर्च कमी. म्हणूनच जिथे मोठी रेल्वे परवडणार नाही अशा भागांत अरुंद आणि हलक्या रुळांची रेल्वे टाकली गेली. अशा रेल्वेला 'लाईट रेल्वे' म्हणत. इथे लाईट म्हणजे दिवा नव्हे हं! लाईट म्हणजे हलकी.

२) बैलांनी ओढलेली रेल्वे

आपल्या देशातली पहिली नॅरोगेज रेल्वे बडोदा संस्थानात सुरू झाली. साल १८६२, महाराज खंडेराव गायकवाड यांचा काळ. डभोई ते मियागाम हा तो मार्ग. गंमत म्हणजे सुरुवातीला ही गाडी बैल ओढायचे! कारण रूळ इतके हलके होते की त्यांना इंजिनाचं वजन पेलवेना. १८७३ साली जास्त दणकट रूळ टाकले, तेव्हा कुठे इंजिन नियमित धावू लागलं.

ही अडचण नीट लक्षात ठेवा. रूळ हलके टाकले तर पैसे वाचतात, पण इंजिन चालत नाही. रूळ जाड टाकले तर इंजिन चालतं, पण मग स्वस्त काय राहिलं? या कोड्याचं उत्तर ज्या माणसाने शोधलं, तो आपल्या गोष्टीचा नायक आहे.

३) बार्शी आणि 'बार्शी रोड'

मुंबई-पुण्याकडून सोलापूरला जाणारी मोठी रेल्वे १८६० च्या सुमारास तयार झाली. ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जी.आय.पी.) या कंपनीची होती. बार्शी ही त्या काळीही मोठी बाजारपेठ. मराठवाड्यातला कापूस, ज्वारी, तूर, गळिताची धान्यं बार्शीत यायची. पण रेल्वे बार्शीवरून गेली नाही, ती गेली सुमारे २१ मैल (३४ कि.मी.) लांबून. तिथे एक स्टेशन झालं. गाव कुर्डुवाडी, पण स्टेशनला नाव दिलं 'बार्शी रोड'. म्हणजे इथे उतरा आणि बार्शीचा रस्ता धरा!

स्टेशनच्या नावात 'रोड' दिसलं की बहुतेक वेळा असंच समजायचं, की गाव इथे नाही, पण गावाकडे जाणारा रस्ता इथून आहे. लातूर रोड, कळंब रोड ही नावं आठवा.

मग माल बार्शी रोडपर्यंत कसा जायचा? बैलगाड्यांतून. ३४ कि.मी. म्हणजे भरल्या बैलगाडीला दीड-दोन दिवस. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतली की किती दिवस लागतील याचा नेम नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या लक्षात आलंच असेल. पुढे छोटी रेल्वे खुद्द बार्शी शहरात पोचली, तेव्हा 'बार्शी रोड' हे नाव आधीच वापरलेलं होतं. म्हणून शहरातलं स्टेशन झालं 'बार्शी टाऊन'. कुर्डुवाडीचं 'बार्शी रोड' हे नाव नंतर गेलं, पण बार्शीचं 'टाऊन' राहिलं ते आजपर्यंत!

४) कॅलथ्रॉप साहेबाची कल्पना

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली जी.आय.पी. रेल्वेत नोकरीसाठी भारतात आला. इथे फिरताना त्याच्या लक्षात आलं की मोठ्या रेल्वेपासून लांब असलेल्या बाजारपेठांना स्वस्त जोडरेल्वेची गरज आहे. बार्शीची रेल्वे त्याच्या मनाने घेतली. १८८९ साली त्याने नोकरी सोडली. परवानगी आणि भांडवल जमवण्यात पुढे कित्येक वर्षं गेली. अखेर १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली.

त्याची मुख्य कल्पना फार सोपी होती. पालखी दोघांनीच उचलली तर खांदे मोडून येतात. तीच पालखी आठ जणांनी उचलली तर? वजन तेवढंच, पण प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं येतं. कॅलथ्रॉपने हेच रेल्वेला लावलं.

बैलगाडीच्या दोन चाकांना जोडणारा आस असतो ना, तसे रेल्वेच्या डब्यालाही आस असतात. कॅलथ्रॉपने नियम केला की इंजिन असो वा डबा, कोणत्याही एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. इंजिन जड हवं? मग आस वाढवा. त्याने लीड्सच्या किटसन कंपनीकडून जी इंजिनं करून घेतली, त्यांना ओढणाऱ्या चाकांचे चार आस आणि मागे आधाराचे दोन, असे एकूण सहा आस होते.

गणित करूया :
६ आस × ५ टन = ३० टन

म्हणजे ३० टनांपर्यंतचं इंजिन, पण रुळाला एका आसाखाली भार फक्त ५ टनांचा. त्यामुळे दर यार्डाला ३० पौंड वजनाचा, म्हणजे मीटरमागे सुमारे १५ किलोचा हलका रूळ पुरला. आज मुख्य मार्गांवर मीटरमागे ६० किलोचा रूळ असतो. चौपट!

डबेही त्याने नव्या पद्धतीचे केले. २५ फूट लांब, ७ फूट रुंद, दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्याचे. जरा कल्पना करा, रूळ अडीच फुटांचे आणि त्यावर सात फूट रुंद डबा! लोकांना वाटायचं हा उलटणार. म्हणून १८९६ साली इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरते रूळ टाकून त्याने इतर इंजिनिअर लोकांना गाडी चालवून दाखवली. आधी प्रयोग, मग विश्वास. विज्ञानाची हीच तर रीत आहे.

५) रूळ पुढे पुढे जातात

मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन गाडी सुरू झाली. त्या वेळी मुंबई इलाख्यात १८९६-९७ चा मोठा दुष्काळ चालू होता, हेही लक्षात ठेवा. या भागाची आणि दुष्काळाची गाठ जुनी आहे. शेवटी आपण पुन्हा तिथेच येणार आहोत.

पुढचे टप्पे असे :

- १९०६ : कुर्डुवाडी ते पंढरपूर
- १९०७ : बार्शीच्या पुढे तडवळ्यापर्यंत
- १९११ : लातूरपर्यंत
- १९२७ : पंढरपूर ते मिरज

एकूण लांबी झाली २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ कि.मी. एका टोकाला लातूर आणि दुसऱ्या टोकाला कृष्णाकाठचं मिरज.

नकाशा काढून बघा. लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. म्हणजे या छोट्या गाडीने दोन वेगळ्या राजवटी जोडल्या. बालाघाटच्या डोंगरातून, रामलिंग-येडशीच्या झाडीतून ती वळणं घेत जायची. लातूरचा शेतमाल या वाटेने मुंबईपर्यंत जाऊ लागला.

आणि पंढरपूर? आषाढी-कार्तिकीला तर गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. माणसं दारात लोंबकळत, टपावर बसत. आजी सांगायची की टाळ-मृदंग आणि पोतडी आधी खिडकीतून आत जायची, मग माणूस. ज्यांना पायी वारी झेपत नव्हती अशा म्हाताऱ्या माणसांना या गाडीमुळे विठ्ठलाचं दर्शन सोपं झालं.

थोडं जास्तीचं : कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्येही अडीच फुटी रेल्वे उभारायला मदत केली. लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे, सुरू झाली १९०४ साली. शिवाय विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी त्याने पॅराशूट बनवलं, नाव 'गार्डियन एंजल', म्हणजे रक्षण करणारा देवदूत. पहिल्या महायुद्धात ते वापरलं गेलं. १९२७ साली बार्शी लाईट मिरजेला पोचली आणि त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला.

६) मग ही गाडी बंद का झाली?

इथे जरा थांबून विचार करायचा आहे. आपण जुन्या गोष्टीबद्दल बोलताना 'किती छान होतं' एवढंच म्हणतो. पण जी गोष्ट इतकी छान होती ती बंद का झाली, हे विचारलंच पाहिजे.

पहिलं कारण : माल बदलणे. लातूरहून तुरीची पोती निघाली. छोट्या डब्यातून कुर्डुवाडीला आली. आता मुंबईला जायचं तर मोठी गाडी. छोटा डबा मोठ्या रुळांवर जाऊ शकत नाही. म्हणून हमालांनी प्रत्येक पोतं एका डब्यातून काढून दुसऱ्यात टाकायचं. वेळ गेला, मजुरी गेली, पोती फाटली, धान्य सांडलं. कमी अंतराच्या वाहतुकीत तर हा खर्च फारच जाणवतो.

दुसरं कारण : ट्रक आणि एस.टी. रस्ते सुधारले. ट्रक थेट शेतकऱ्याच्या किंवा अडत्याच्या दारात येतो आणि थेट मुंबईच्या बाजारात उतरवतो. मध्ये बदलाबदली नाही. प्रवाशांनाही एस.टी. लवकर पोचवू लागली.

तिसरं कारण : वेग आणि भार. ५ टनांचा नियम हा या रेल्वेचा जीव होता. पण तोच पुढे तिचा अडथळा झाला. हलक्या रुळावर जड डबे चालत नाहीत, गाडी वेगाने पळवता येत नाही.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेचा भाग झाली. १९९२ साली देशभर जास्तीत जास्त मार्ग ब्रॉडगेज करण्याचा कार्यक्रम (प्रोजेक्ट युनिगेज) हाती घेतला गेला. त्यानंतर आपल्या मार्गाचंही काम टप्प्याटप्प्याने झालं. आधी कुर्डुवाडी-पंढरपूर, मग लातूरकडचा भाग, आणि शेवटी पंढरपूर-मिरज. बार्शीवरून २००८ साली मोठी गाडी जाऊ लागली. काही ठिकाणी वाट थोडी बदलली. जुन्या मार्गाने बाजूला ठेवलेलं उस्मानाबाद शहर (आताचं धाराशिव) नव्या मार्गावर आलं.

७) २०१६ ची पाण्याची गाडी

आता या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचं पाणी नव्हतं. धरण कोरडं पडलं होतं, नळाला पाणी येत नव्हतं, घागरी-हंड्यांच्या रांगा लागत होत्या. तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून रेल्वे निघाली. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी लातूरला पोचली. १० टाक्यांचे डबे, प्रत्येकात सुमारे ५० हजार लिटर. नंतर ५० डब्यांच्या गाड्याही आल्या. लोक तिला 'जलदूत' म्हणू लागले.

ती गाडी कोणत्या वाटेने आली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. वाट ओळखीची वाटते ना? हीच आपली बार्शी लाईटची वाट!

आता दुसरा प्रश्न. जुनी छोटी गाडी असती तर हे पाणी आणता आलं असतं का? गणित करू.

- १ लिटर पाणी = १ किलो. म्हणून ५० हजार लिटर = ५० टन.
- १० डबे × ५० टन = ५०० टन पाणी.
- कॅलथ्रॉपच्या नियमाने चार आसांचा डबा भरून जास्तीत जास्त ४ × ५ = २० टनांचा.
- त्यातून डब्याचं स्वतःचं वजन समजा ५ टन वजा केलं, तर पाणी उरलं १५ टन.
- ५०० ÷ १५ = सुमारे ३४ डबे.

म्हणजे मोठ्या गाडीच्या १० डब्यांचं पाणी आणायला छोटे ३४ डबे लागले असते. आणि ५० डब्यांच्या मोठ्या गाडीसाठी? ते तुम्ही करा. (उत्तर वहीत लिहा आणि इतके डबे एक छोटं इंजिन ओढेल का, यावर चर्चा करा.)

यातून दोन गोष्टी कळतात. रूळ बदलले नसते तर तहानलेल्या लातूरला एवढं पाणी पोचलं नसतं. म्हणून छोटी गाडी गेली याचं मला वाईट वाटतं, पण ती जायला नको होती असं मी म्हणणार नाही. आणि दुसरी गोष्ट, १८९७ ते १९२७ या काळात कुणीतरी हलक्या, स्वस्त रुळांनी ही वाट आखली होती, म्हणून पुढे मोठे रूळ टाकायला मार्ग तयार होता. छोट्याने वाट पाडली, मोठा त्यावरून चालला.

८) सगळ्यांचं नशीब सारखं नसतं

बार्शी लाईट बंद झाली, पण तिच्या जागी मोठी रेल्वे आली. प्रत्येक छोट्या रेल्वेचं असं झालं नाही.

विदर्भातली 'शकुंतला' गाडी तुम्ही ऐकली असेल. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला (११३ कि.मी.), दुसरा अचलपूरला (७६ कि.मी.). वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी ती बांधली गेली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन इथे १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं! देशातल्या बाकीच्या रेल्वे सरकारी झाल्या, पण या मार्गाची मालकी मात्र स्वातंत्र्यानंतरही जुन्या कंपनीकडेच राहिली. गाडी सरकारी रेल्वे चालवी आणि रूळ कंपनीचे. मग दुरुस्तीला पैसा कोणी घालायचा? रूळ खराब होत गेले, वेग कमी होत गेला आणि गाडी बंद पडली. पुलगाव-आर्वीची छोटी गाडीही अशीच थांबली.

शकुंतलेने जाणारी माणसं कोण होती? शेतमजूर, बाजाराला निघालेल्या बायका, शाळा-कॉलेजची मुलं. त्यांना एस.टी.चं तिकीट जड व्हायचं. गाडी बंद झाली तेव्हा इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ वाढली असेल, पण त्यांचा रोजचा प्रवास महाग झाला. म्हणून 'जुनं बंद करावं की नाही' यापेक्षा 'त्याच्या जागी काय देणार' हा प्रश्न मोठा आहे. बार्शी आणि शकुंतला यांत फरक आहे तो एवढाच.

थोडक्यात लक्षात ठेवा

- गेज : दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर.
- लाईट रेल्वे : हलके रूळ, कमी खर्च, कमी भार.
- आसभार : एका आसामार्फत रुळावर येणारा भार. बार्शी लाईटवर ५ टन.
- गेज बदल : अरुंद मार्ग काढून त्या जागी रुंद मार्ग टाकणे.

स्वाध्याय

१. 'बार्शी टाऊन' या नावातील 'टाऊन' शब्दाचे कारण तुमच्या शब्दांत सांगा.
२. बडोद्याची पहिली नॅरोगेज गाडी बैल का ओढत होते?
३. कारणे द्या : कुर्डुवाडीला माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकावा लागे.
४. महाराष्ट्राच्या नकाशात लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज ही ठिकाणे दाखवून रेषेने जोडा.
५. तुमच्या मते छोटी रेल्वे बंद करणे योग्य होते का? दोन्ही बाजूंचा विचार करून पाच ओळी लिहा.

उपक्रम

- वर्गाच्या फरशीवर खडूने दोन समांतर रेषा ओढा, अंतर ७६ से.मी. त्यांच्या शेजारी १६८ से.मी. अंतराच्या दोन रेषा ओढा. आता मधे उभं राहून बघा. पुस्तकात वाचून जो फरक कळत नाही तो तिथे लगेच कळतो. (माझ्या वर्गात मुलं छोट्या रुळांवर 'गाडी' करून पंढरपूरपर्यंत जाऊन आली!)
- एका पसरट डब्यात ओली माती भरा. एक वीट आधी उभी ठेवा, मग आडवी ठेवा. कोणत्या वेळी खोल खड्डा पडला? का?
- घरातल्या आजी-आजोबांना विचारा : तुम्ही छोट्या गाडीत बसला होता का? कुठून कुठे? तिकीट किती होतं? सोबत काय सामान होतं? त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

शिक्षक मित्रांना एक विनंती. शेवटचा उपक्रम सोडू नका. त्या गाडीतून कामधंद्याला, बाजाराला गेलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीला आली आहे. जुने रूळ निघाले, आता आठवणी तेवढ्या शिल्लक आहेत. त्या या वर्षी वहीत उतरल्या नाहीत तर पुढच्या वर्षी सांगणारं कोणी असेलच असं नाही. माझी आजी आता नाही. तिकीट किती होतं हे तिला विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.